वार गळाला, तारीख उरली

मराठीत रोज वाचला जाणारा, रोज ऐकला जाणारा आणि तरीही समीक्षेच्या वाऱ्याला कधी न उभा राहिलेला एक लेखनप्रकार आहे, तो म्हणजे दिनविशेष. दैनिकाच्या आतल्या पानावर राशिभविष्याच्या शेजारी त्याची चौकट असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार आटोपला की एखादा मुलगा पुढे येतो आणि दिनविशेष वाचून दाखवतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे तो पाठ करतात. आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासातल्या ज्या मोजक्या तारखा येतात, त्या पुस्तकांतून कमी आणि या चौकटीतून जास्त आलेल्या आहेत. एवढा प्रभाव असलेल्या लेखनाला ‘ती काय, माहिती आहे’ असे म्हणून सोडून देणे बरोबर नाही. त्यालाही रचना आहे, व्याकरण आहे आणि दोषही आहेत.

व्याकरणापासून सुरुवात करू. दिनविशेषाचे वाक्य हे वाक्यच नसते. आधी सालाचा आकडा, मग एक आडवी रेघ, मग नाव, आणि शेवटी ‘जन्म’, ‘निधन’, ‘स्थापना’ यांपैकी एक नाम. क्रियापद गाळल्यामुळे काळ जातो, कर्ता जातो, आणि ‘असे अमुक साधनात म्हटले आहे’ हे सांगण्याची जागाच उरत नाही. उरते ते विधान निर्विवाद दिसते. एखाद्या घटनेच्या चार तारखा साधनांत सापडत असल्या तरी चौकटीत एकच मावते, आणि एकदा मावली की तीच खरी. जुन्या शकावल्यांशी तुलना केली की हे जास्त स्पष्ट होते. शकावलीही त्रोटकच असते. पण ती वर्षांच्या क्रमाने चालते, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे कळते. दिनविशेष वर्षे उभी कापतो आणि पानिपताला एखाद्या नटाच्या वाढदिवसाशेजारी बसवतो. या शेजाराला काही अर्थ नसतो. तो फक्त पृथ्वी सूर्याभोवती एका ठिकाणी परत आल्याचा योगायोग.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. दिनविशेषाने वार टाकून दिला.

शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात आजचा वार आणि आजचा दिनांक दोन्ही असतात. खाली दिनविशेषात मात्र शंभर किंवा चारशे वर्षांपूर्वीची नुसती तारीख. जागा वाचवण्यासाठी हे झाले असेल, पण गाळायला नेमकी चुकीची गोष्ट निवडली गेली. पंचांगाच्या पाच अंगांपैकी तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही चारही आकाशावर अवलंबून. वार तेवढा नुसता मोजणीवर चालतो. सातांचे हे चक्र कोणत्याही पंचांगबदलात तुटलेले नाही. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली कॅलेंडर सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आली, दहा तारखा नाहीशा झाल्या. पण ४ ऑक्टोबर गुरुवार होता आणि १५ ऑक्टोबर शुक्रवारच होता. इंग्लंडने हीच सुधारणा १७५२ साली स्वीकारली. तिथे २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. पंचांगातला शुक्रवार, फारशी पत्रातला जुम्मा आणि इंग्रज वखारवाल्याचा फ्रायडे हे तिन्ही एकच. तेव्हा तिथीवरून तारीख काढली किंवा एका पद्धतीतून दुसरीत नेली, की ती जुळली की नाही याचा ताळा पाहायला वारासारखे साधन नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या माणसाने आयुष्य घालून तिथी-तारखांची गणिते सोपी करून ठेवली आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाले. त्या परंपरेत वार जुळल्याशिवाय तारीख पक्की धरत नाहीत. हा दंडक संशोधकाच्या टेबलावर राहिला, वर्तमानपत्रापर्यंत पोहोचला नाही.

महाराष्ट्राच्या अगदी जिव्हाळ्याचे उदाहरण घेतो. शिवजन्माच्या तारखेवर पूर्वी खरा वाद होता. जुन्या समजुतीप्रमाणे तिथी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा एप्रिल. पुढे भोरकडील कारीच्या जेधे घराण्यातली शकावली १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली आणि त्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ उजेडात आले, त्यातही शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीयाच. या तिथीची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी लिहितो, आणि २००१ पासून राज्य शासनाने तीच मान्य केली आहे.

आता ताळा पाहू. आजच्या, म्हणजे ग्रेगरियन पद्धतीने मागे मोजत गेलो तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. जेधे शकावली शुक्रवार म्हणते. शकावली चुकली का? मुळीच नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्यूलियन पद्धतीची तारीख आहे. सतराव्या शतकात दोन्ही पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. दहा दिवस मिळवले की ग्रेगरियन १ मार्च १६३० येते आणि त्या दिवशी चोख शुक्रवार आहे. नोंद खरी, तारीखही खरी, फक्त ती कोणत्या पद्धतीची हे चौकटीत कुठेही लिहिलेले नसते. गंमत म्हणजे त्या शुक्रवारी सुरतेच्या वखारीतला एखादा इंग्रज पत्र लिहीत असता तर त्याने साल १६२९ घातले असते, कारण तेव्हा इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला पालटत असे.

शिवकालीन इतिहासाच्या अभ्यासकांनी ज्यूलियन तारखा ठेवल्या याला सबळ कारण आहे. इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार त्याच पद्धतीत आहे, आणि या काळाच्या बऱ्याच घटना त्यावरून ताडून पाहाव्या लागतात. पण शेजारी गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांच्या देशाने नवी पद्धत १५८२ सालीच घेतली होती. वेंगुर्ल्याचे डच व्यापारीही नव्या पद्धतीने लिहीत. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी, मुंबईच्या इंग्रजाची तारीख गोव्याच्या पोर्तुगिजापेक्षा दहाने मागे. एका साधनातली तारीख इंग्रजी आणि दुसऱ्यातली पोर्तुगीज, दोन्ही तशाच उचलल्या तर सैन्य मुक्कामावरून निघण्याआधीच पुढच्या गावी पोहोचलेले दिसेल. वार लिहिलेला असला की असला घोटाळा लगेच पकडता येतो.

१९ फेब्रुवारी बदलून १ मार्च करावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. रूढ झालेली तारीख मोडण्यात शहाणपण नसते, आणि तिच्यात चूकही नाही. माझे म्हणणे एवढेच, की तिच्यापुढे ‘शुक्रवार’ हा एक शब्द आणि ‘जुनी पद्धत’ हे दोन शब्द छापायला कितीशी शाई लागते? त्याने आणखी एक गोष्ट साधेल. दरवर्षी ‘तारखेची शिवजयंती की तिथीची’ असा वाद रंगतो आणि नव्या पिढीला वाटते की जन्माबद्दलच दोन मते आहेत. मतभेद १६२७ की १६३० असा होता, तो साधनांचा होता. तारीख की तिथी हा साधनांचा वाद नाहीच. फाल्गुन वद्य तृतीया ही नोंद, आणि १९ फेब्रुवारी हे तिचे भाषांतर. मूळ आणि भाषांतर यांच्यात उत्सव कशाचा करायचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण दिनविशेष दोन्ही वादांना एकाच रेघेने सपाट करतो आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलाला फक्त पर्याय ‘अ’ आणि पर्याय ‘ब’ उरतात.

राज्याभिषेकाच्या नोंदीत याहून सूक्ष्म गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. आपण ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध १३ असे म्हणतो. ज्यूलियन ६ जूनला वार शनिवार येतो. जुन्या नोंदीत मात्र शुक्रवार आहे. पुन्हा विसंगती? नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाच्या आसपास अवकाश होता. आपल्याकडे वार सूर्योदयाला पालटतो, इंग्रजांचा मध्यरात्री. तेव्हा रायगडावर तो शुक्रवारच होता आणि सोहळ्याला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबाने शनिवार लागला होता. बारस शुक्रवारी दिवसाच संपून तेरस लागली होती, म्हणून एकाच नोंदीत शुक्रवार आणि त्रयोदशी सुखाने नांदतात. एका वारावरून पहाटेची वेळ कळते, दिवस कुठून धरायचा ही दोन संस्कृतींची पद्धत कळते. ‘६ जून, शिवराज्याभिषेक’ एवढ्याने यातले काहीच कळत नाही.

याउलट काही वेळा तारीख अगदी अचूक असते आणि तिच्याभोवती गोळा झालेली समजूत चुकीची. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार. इथे सगळा ताळा जमतो. पण १४ जानेवारी म्हटले की आपल्या डोक्यात तिळगूळ येतो, आणि ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली असे भाषणांत, सदरांत, व्हॉट्सॲपवर फिरते. ऐकायला विलक्षण वाटते, पण खरे नाही. मकरसंक्रमण १४ जानेवारीला बांधलेले नाही. आपली निरयन गणना आणि ग्रेगरियन वर्ष यांच्या लांबीत किंचित फरक असल्याने साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे सरकते. म्हणूनच अलीकडे ती अधूनमधून १५ तारखेला येऊ लागली आहे. मागे जा. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. आणखी शंभर वर्षे मागे गेले की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले त्या बुधवारी संक्रांत होऊन तीनचार दिवस लोटले होते. आजच्या कॅलेंडरावरचा सण दोनअडीचशे वर्षे मागे नेऊन चिकटवला की असे होते. ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराला पानिपतची गरज नाही. पंचांगातल्या संक्रांतीच्या वर्णनात ती ज्या दिशेला जाते, पाहते, त्या दिशेला अनिष्ट, ही कल्पना आहेच.

परदेशी नोंदींत आपण आणखी बेफिकीर असतो. त्या इंग्रजीतून आयत्या येतात, त्यामुळे तपासण्याचा प्रश्नच कोणी काढत नाही. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य विज्ञानप्रेमी मंडळींचे लाडके. गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीच्या नव्या पद्धतीने. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, इंग्लंडच्या जुन्या पद्धतीने. दोन्ही एकाच मापाने मोजले तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मला आणि योगायोग विरला. वाङ्मयाच्या वाचकांना जवळचे उदाहरण २३ एप्रिलचे. युनेस्कोने १९९५ साली हा दिवस पुस्तकांचा ठरवला, आणि शेक्सपिअर व सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले असे त्याचे समर्थन होते. तारखेचा आकडा खरोखर एकच आहे, पण सर्व्हांटिस स्पेनमधला, शेक्सपिअर इंग्लंडमधला. मध्ये दहा दिवस आहेत. शिवाय सर्व्हांटिस बहुधा २२ ला गेला आणि २३ ही त्याच्या दफनाची नोंद. पुस्तकांना एक दिवस मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. तरी ‘एकाच दिवशी’ म्हणू नये.

८ मार्चचा महिला दिन याच गणितातून आला आहे, पण हे सांगणारा दिनविशेष मी क्वचितच पाहिला. १९१७ साली पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या तो रशियन २३ फेब्रुवारी होता. रशियात तेव्हा जुनी पद्धत होती आणि अंतर तेरा दिवसांवर गेले होते. म्हणून ती फेब्रुवारी क्रांती आणि आपला मार्चमधला दिवस. ही हकिगत दोन ओळींत मावते आणि तारखेला अर्थ देते. तिच्याऐवजी आपण शुभेच्छांचा मजकूर छापतो.

काही चुका कॅलेंडराच्या नाहीत, नुसत्या आळसाच्या आहेत. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२, शुक्रवारी निघाला. त्या दिवशी आपण पत्रकार दिन पाळतो. मग कधीतरी ही तारीख बाळशास्त्री जांभेकरांच्या जन्मालाही जाऊन चिकटली आणि वर्षानुवर्षे जन्म ६ जानेवारी १८१२ असे छापले जात राहिले. पत्राचा जन्म आणि संपादकाचा जन्म यांतला फरक रेघेच्या व्याकरणात सहज पुसला जातो, कारण दोन्हीकडे नाव आणि आडवी रेघ सारखीच. आता २० फेब्रुवारी ही जन्मतारीख मान्य होत आली आहे, तरी जुनी नोंद उचलून छापणारे आहेतच. एकाने छापले की दुसरा उतरवून घेतो, आणि दहा ठिकाणी आढळले की तोच पुरावा ठरतो. नियतकालिकांच्या बाबतीत वाराचा उपयोग तर शाळकरी मुलालाही करता येईल. ‘केसरी’ मंगळवारी निघत असे, आणि ४ जानेवारी १८८१ ला मंगळवारच आहे. ‘मराठा’ रविवारचा, २ जानेवारीला रविवारच. साप्ताहिकाच्या अंकाची तारीख छापताना ठरलेला वार जुळत नसेल तर आधी थांबावे आणि मूळ अंक पाहावा.

शब्दांबद्दल एक लहानशी गोष्ट. आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो आणि तारीख छापतो. ‘तारीख’ हा अरबी शब्द, त्याचाच एक अर्थ इतिहास, आणि त्याचे अनेकवचन ‘तवारीख’ म्हणून आपण इतिहासाला वापरत आलो. पेशवे दफ्तरातल्या पत्रांवर चंद्र आणि शुहूर सन असतो, त्याच्या जोडीला कुठे तिथी, कुठे राज्याभिषेक शक. म्हणजे आपले पूर्वज एका कागदावर दोनतीन कालगणना सहज वागवत होते. १९५७ पासून सरकारने राष्ट्रीय सौर शकही दिला, मेघनाद साहांच्या समितीने तो मोठ्या अभ्यासाने बेतला, आकाशवाणी तो रोज सांगते. एवढी सगळी सामग्री हाताशी असलेल्या समाजाला एका रेघेची चौकट पुरावी, याचे मला वाईट वाटते.

जन्मतारखांचा आणखी एक घोळ आपल्याच घरातला आहे. महाराष्ट्रातल्या एका पिढीत १ जून या तारखेला जन्मलेली माणसे अतोनात आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय हिशेबात बसवून ती टाकली. घरी विचारले तर आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या रात्री, किंवा ज्या साली विहिरीचे पाणी आटले त्या साली. यातले कोणी पुढे मोठे झाले की दाखल्यावरची तारीख दिनविशेषात जाते, आणि आईची नोंद, जी बऱ्याचदा जास्त खरी असते, तिला चौकटीत कप्पाच नाही.

आणि ज्यांच्या नावावर खोटी तारीखसुद्धा नाही, त्यांचे काय? दिनविशेष जन्म आणि मृत्यू यांवर उभा आहे. या दोन्ही तारखा जपून ठेवायला घरात लिहिणारा माणूस लागतो, पत्रिका करणारा जोशी लागतो, निदान श्राद्ध घालणारा लागतो. म्हणून चौकटीत कोण येते आणि कोण येत नाही हे माणसाच्या कर्तृत्वाआधी त्याच्या घरच्या दफ्तराने ठरते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. त्यांच्या आयुष्याची सुरुवात आणि शेवट अंदाजानेच सांगितला जातो, म्हणून दिनविशेषाच्या वर्षात त्यांना हक्काचा असा दिवस नाही. संतांचे बरे. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते, तारीख कोणी विचारत नाही आणि देहूला त्याने काही अडत नाही. लोकांनी दिवस धरून ठेवला तो तिथीने. पण एकोणिसाव्या शतकातल्या लिहित्या बायकांना ना वारी मिळाली, ना चौकट.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. जन्म-मृत्यूचा हट्ट सोडून लेखनाची, छापून आल्याची, काम केल्याची तारीख घ्यावी. तिला अस्सल पुरावा असतो, छापलेला कागद. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त दोन भागांत आला. दोन्ही अंकांच्या तारखा ठाऊक आहेत. १८५५ म्हणजे पद्धतींचा घोटाळा नाही, आणि वार काढून पाहिला तर दोन्हींचा एकच येतो. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, मध्ये बरोबर दोन आठवडे. तेव्हा एखाद्या संपादकाला येत्या वर्षाच्या चौकटीत जागा करायची असेल तर नोंद तयार आहे: १५ फेब्रुवारी १८५५, गुरुवार. मुक्ता साळवे यांच्या निबंधाचा पहिला भाग ‘ज्ञानोदया’त छापून आला, दुसरा १ मार्चच्या गुरुवारी.